चार रविवार आणि दहा वर्षांचे मराठी चित्रपट: आधी कोणता पाहावा?

आमच्या वाचनालयाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. साठेक खुर्च्या मावतात, समोरची भिंत पांढरी, वर पत्रे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं गाव. पावसाळ्यात दिवेलागणीनंतर कुणी घराबाहेर पडत नाही. म्हणून यंदा ठरलं, श्रावणातले चार रविवार तिथे मराठी चित्रपट दाखवायचे, तेही 2010 ते 2019 या दहा वर्षांतले. निवड माझ्याकडे आली. 2004 मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीला आला, तेव्हापासून मी दर नोव्हेंबरात रजा टाकून तिथल्या रांगेत उभा असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या वहीत डझनभर नावं आधीपासूनच होती, आणि त्यातलं एकही खोडवत नव्हतं. पण जागा चार, आणि समोर सातवीतल्या मुलींपासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे बसणार. मग एकेक चित्रपट दुसऱ्याच्या शेजारी ठेवून पाहिला. तुमच्याकडे अशी खोली नसेल, फक्त चार मोकळ्या संध्याकाळी असतील, तरी निवड तीच आहे. म्हणून माझा हिशेब इथे मांडतो.

दशक हेच का? सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मराठीला पहिल्यांदा मिळालं 1954 मध्ये, ‘श्यामची आई’ला. दुसऱ्यांदा मिळालं ते 2004 च्या ‘श्वास’ला. मधे पन्नास वर्षं गेली. आणि मग या एका दशकात तीनदा: ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. ही तीन नावं सोडली तरी वही भरलेलीच राहते. असे दिवस आपल्या भाषेला पुन्हा कधी येतील ते येवोत, आम्ही ते पाहिले.

‘किल्ला’ की ‘विहीर’

दोन्हींत एक मुलगा आहे आणि दोन्हींत जवळचं कुणीतरी गेलेलं आहे. उमेश विनायक कुलकर्णींचा ‘विहीर’ 2010 मध्ये चित्रपटगृहात आला. समीर आणि नचिकेत ही भावंडं लग्नाच्या निमित्ताने गावच्या घरी भेटतात. नचिकेतला या सगळ्यातून निघून जायचं आहे. कुठे, ते समीरला समजत नाही. मग नचिकेत विहिरीत जातो आणि उरलेला चित्रपट समीर त्याला शोधत राहतो. लपंडावात राज्य आलेला मुलगा जसा शोधतो, तसा. सुधीर पळसणे यांचा कॅमेरा माळरानावर, पाण्यावर, ओसरीवरच्या झोपलेल्या माणसांवर इतका वेळ थांबतो की आपलाही श्वास सावकाश होतो.

‘किल्ला’ अविनाश अरुण यांचा पहिला चित्रपट, कॅमेराही त्यांचाच. वडील गेलेले, आईची बदली झालेली, आणि अकरा वर्षांचा चिन्मय पुण्याहून कोकणातल्या एका गावात येऊन पडतो. 2014 मध्ये बर्लिनला लहान मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. मुलांनी तो निवडला याचं मला नवल वाटलं नाही. नवे मित्र त्याला भर पावसात किल्ल्यात सोडून निघून जातात तो प्रसंग बघा. ओल्या दगडी भिंती, त्यांच्यावर आपटून परत येणाऱ्या हाका, आणि हाकेला ओ येणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत जाणं. त्या वयात मैत्री तुटली की जग संपतं, हे मोठ्या माणसांना आठवून देणारे चित्रपट फार थोडे.

आणि अमृता सुभाषने केलेली आई. माझी आई शाळेत बाई होती. वाळपईहून तिची बदली काणकोणला झाली तेव्हा मी पाचवीत होतो. गोवा लहान म्हणतात, पण त्या वयात वाळपई ते काणकोण म्हणजे दुसरा देश. नव्या भाड्याच्या घरात ती रात्री एकटीच स्वयंपाकघरात बसून राहायची, दिवा न लावता. ‘किल्ला’ पाहीपर्यंत मला ते फक्त आठवत होतं, पाहिल्यावर समजलं.

निवडताना मी एक साधी गोष्ट पाहिली, ती म्हणजे आवाज. आमच्या पत्र्यांवर पाऊस सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ‘विहीर’मधला निम्मा अर्थ शांततेत आहे, तो तिथे वाहून जाईल. ‘किल्ला’तला पाऊस मात्र आमच्या पावसात मिसळून जाईल. चिऱ्याच्या भिंती, शेवाळ, माड, समुद्र, सगळं आमच्या ओळखीचं. म्हणून पहिला रविवार ‘किल्ला’चा. तुम्ही एकटे असाल, रात्र असेल आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायची तयारी असेल, तर ‘विहीर’ घ्या. या दहा वर्षांतला माझा सर्वांत लाडका चित्रपट तोच आहे.

‘सैराट’ सगळ्यांना हवा आहे

सभेत पहिलं नाव तेच आलं. साहजिक आहे. 2016 मध्ये तो आला आणि त्या वर्षी चवथीला, लग्नाला, क्रिकेटच्या सामन्याला आमच्याकडे दुसरं गाणंच नव्हतं. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं, आणि ते ऐकताना पैशाचा नव्हे, मनाचा मोठेपणा जाणवतो. रिंकू राजगुरूची आर्ची बुलेटवरून येते तेव्हा माझ्या भाचीने खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या.

तरीही मी सांगेन, आधी ‘फँड्री’ पाहा.

दोन्ही नागराज मंजुळे यांचे. ‘फँड्री’ 2014 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या शाळेत जातो, शालूवर त्याचा जीव आहे, आणि काळी चिमणी मिळाली तर शालू आपली होईल असं त्याला वाटतं. गावाला मात्र त्याच्या घरच्यांकडून एकच काम हवं असतं: डुकरं धरून द्या. किशोर कदम यांनी केलेला बाप, कचरू, बोलतो कमी, वाकतो जास्त.

शाळेजवळ डुकराच्या मागे सगळं कुटुंब धावतंय, वर्गातली मुलं कठड्यावर बसून हसतायत. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. मग एकेक करून घरचे सगळे ताठ उभे राहतात. डुक्कर आपल्या वाटेने निघून जातं. पणजीला मी हा चित्रपट पाहिला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धं उठल्यासारखं केलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तसेच अवघडून राहिले. त्या बावन्न सेकंदांत सभागृहात कुणाला काय करावं ते कळत नव्हतं. पुढे तेच डुक्कर काठीला टांगून नेतात, आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज रंगवलेले असतात. कुणी काही बोलत नाही. आणि अखेरीस जब्याच्या हातातला दगड थेट आपल्या अंगावर येतो.

त्या रात्री डिचोलीची शेवटची कदंब बस पकडून घरी आलो. वाटेत मनात एकच होतं. आमच्याकडे असं नाही, असं आम्ही गोव्यात फार सहज म्हणतो. आमच्या जत्रेत ढोल वाजवणारी माणसं मंडपाच्या बाहेर उभी असतात, आणि महाप्रसादाच्या पंगतीला शेवटी बसतात. मी लहानपणापासून हे पाहत होतो. दिसलं मात्र त्या रात्री.

‘सैराट’ पहिल्या अर्ध्यात आपल्याला इतकं सुख देतो की शेवट अंगावर वीज पडल्यासारखा येतो. ती त्याची ताकद आहे. पण ‘फँड्री’ पाहून झालेला माणूस पहिल्या गाण्यापासूनच सावध बसतो; आर्ची आणि पार्श्याच्या मागे काय चालत येतंय ते त्याला आधीच ऐकू येतं. शिवाय ‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा, ‘फँड्री’ पावणेदोन तासांच्या आत. आणि पुन्हा आवाज: ‘सैराट’चा शेवट निःशब्द आहे. रक्तात भिजलेली चिमुकली पावलं, पार्श्वसंगीत नाही, काही नाही. आमच्या पत्र्यांखाली ती शांतता कुणाला कळणारच नाही. दुसरा रविवार ‘फँड्री’चा.

‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’

इथे मला फार वेळ लागला नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने 2014 मध्ये व्हेनिसला दोन पारितोषिकं मिळवली, जगभर ज्याचा गौरव झाला असा मराठी चित्रपट. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. वीरा साथीदार यांनी ती भूमिका केली, तेही चळवळीतले होते. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. मला सर्वांत आवडते ती गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील. दिवसभर कायद्याची कलमं एका सुरात वाचणारी बाई लोकलने घरी येते, पोळ्या लाटते, रविवारी घरच्यांबरोबर नाटकाला जाते. तिचा राग येता येता राहतो. पण साठ माणसांत, मुलं चुळबुळ करत असताना हा चित्रपट पाहू नये. ज्यांना बातमीपलीकडचं न्यायालय बघायचं आहे त्यांनी दोघा-तिघांत पाहावा.

खोलीत ‘देऊळ’. उमेश कुलकर्णींचाच, 2011 चा. गाय शोधायला गेलेल्या केशाला उंबराखाली दत्त दिसतो, आणि गावात रुग्णालय हवं की देऊळ, याचा निकाल बाजार लावतो. गिरीश कुलकर्णी, नाना पाटेकर, दिलीप प्रभावळकर, सगळे ओळखीचे, भाषा खुमासदार. देवस्थान समितीतली मंडळी पुढच्या रांगेत असतील. त्यांना हा चित्रपट बोचेल आणि आवडेलही, कारण त्यात श्रद्धेची टवाळी नाही. केशाचा दत्त खराच आहे. खोटं आहे ते त्याच्याभोवती उभं राहिलेलं सगळं.

शेवटची जागा

वडील असते तर त्यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ म्हटलं असतं, आणि निम्मं गाव त्यांच्या बाजूने उभं राहिलं असतं. 1967 च्या दारव्हेकरांच्या नाटकाला संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, म्हणजे आमच्या मंगेशीच्या माणसाचं. ‘घेई छंद मकरंद’ इथल्या मुलांनी जत्रेच्या नाटकांत ऐकत मोठं व्हावं, ही रीतच होती. सुबोध भावे यांनी 2015 मध्ये त्याचा चित्रपट केला. महेश काळे यांना ‘अरुणि किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बरीच वर्षं थिएटरात न गेलेल्या आजी-आजोबांना तुम्हाला एकच मराठी चित्रपट दाखवायचा असेल, तर डोळे मिटून हाच निवडा. माझी अडचण एवढीच की त्यातली गाणी चित्रपटाहून मोठी आहेत. गाणं संपलं की खाँसाहेबांच्या मत्सराची गोष्ट सरधोपट वाटू लागते.

मी चौथी जागा ‘कासव’ला दिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. आयुष्य नकोसं झालेला एक मुलगा जानकीला भेटतो, आणि ती त्याला कोकणच्या किनाऱ्यावरच्या घरी आणते. ती त्याच्या मागे प्रश्नांची सरबत्ती लावत नाही. जेवायला बोलावते, नाही आला तर थांबते. त्याच किनाऱ्यावर दत्ताभाऊ, म्हणजे मोहन आगाशे, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखत असतात. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर आमच्याकडेही हीच कासवं येतात. तिथे कुंपण घातलेली घरटी आमच्या मुलांनी पाहिली आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरात गेल्या वर्षी मुलगा कित्येक महिने खोलीतून बाहेर आला नाही, आणि आम्ही शेजारी जाऊन सल्ले देत राहिलो. तेव्हा मी हा चित्रपट पाहिलेला होता, तरी सल्ला दिलाच. म्हणून तो सगळ्यांबरोबर बसून पुन्हा पाहायचा आहे. घरात विसरत चाललेलं वडीलधारं माणूस असेल, तर याच जोडीचा ‘अस्तु’ आधी पाहा. त्यातल्या हत्तीमागे निघालेल्या शास्त्रीबुवांना आणि त्यांना लेकरासारखं जपणाऱ्या चन्नम्माला मी अजून विसरलेलो नाही.

उरलेली नावं थोडक्यात. आठवी ते दहावीतली मुलं असतील तर ‘शाळा’, पण मिलिंद बोकील यांची कादंबरी आधी वाचू द्या. धाकट्यांसाठी ‘एलिझाबेथ एकादशी’. त्यातली एलिझाबेथ ही सायकल आहे, आणि पंढरपूर असं दुसरीकडे कुठे दिसत नाही. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर ‘आनंदी गोपाळ’. ‘न्यूड’ घरी, मोठ्यांनी पाहावा. 2017 च्या इफ्फीत भारतीय विभागासाठी निवड होऊनही तो माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला, तेव्हा पणजीतल्या रांगेत आम्ही दिवसभर दुसरं काही बोललो नाही. ‘नटसम्राट’ मात्र रंगमंचावरच बघा.

सार्वजनिक दाखवणार असाल तर निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी आधी घ्या. ध्वनिक्षेपक पडद्याखाली न ठेवता प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना ठेवा. उपशीर्षकं असतील तर चालू ठेवा. घरी कोकणी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलांना ‘फँड्री’ची बोली पहिली दहा मिनिटं जड जाते.

यादी फळ्यावर लावली तेव्हा मास्तरांनी विचारलं, तुझा ‘विहीर’ कुठे आहे? तो दसऱ्यानंतर लावणार आहे, पत्रे कोरडे झाले की, रात्री नऊ वाजता. खुर्च्या पंधराच मांडेन.