घरचा वजनकाटा, 8 महिन्यांनंतर: मागचाच आकडा परत दाखवतो त्याबद्दल

काल कस्टमर केअरचा तिसरा फोन आला, "सर, तो फॉल्ट नाही, फीचर आहे" असं सांगून त्यांनी तक्रार बंद केली, म्हणून आता लिहायला बसलोय. काचेचा, ब्लूटूथवाला, पायातून करंट सोडून चरबीचे टक्के सांगणारा जो काटा आजकाल घरोघरी दिसतो तोच हा. 1,299 ला घेतला. बाकी वर्णन करत नाही, तुम्हाला माहितीच आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नंतर मी दोन नातेवाइकांकडच्या वेगळ्या काट्यांवर पण हेच करून बघितलं आणि त्यातल्या एकावर सेम झालं.

आधी माझं सांगतो, नाहीतर 200-300 ग्रॅमसाठी हा माणूस एवढा का भांडतोय असं वाटेल. 2021 मध्ये मी 98 किलो होतो. डॉ. दीक्षितांचा दोन वेळा जेवायचा प्लॅन केला, 55 मिनिटांच्या आत जेवण, मधे काही नाही, आणि रोज 45 मिनिटं चालणं. सात महिन्यांत 82 वर आलो. आमच्या गावात, सावद्यात, लोक थांबवून विचारायचे काय केलं, समाजाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. मग वडिलांचं आजारपण आलं, जळगावच्या दवाखान्यात तीन महिने जाऊन-येऊन, चालणं सुटलं, जेवणाची वेळ सुटली, चहासोबत बिस्किटं सुरू झाली. प्लॅनचा काही दोष नाही, मीच सोडला. गेल्या जुलैत 96.8 होतो. जे 16 किलो घालवले त्यातले जवळजवळ 15 परत आले आणि शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट 6.1 आला, म्हणजे अजून डायबेटिस नाही पण दारात उभा आहे.

दुसऱ्यांदा सुरू करणं फार वेगळं असतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या वेळी लोक विचारतात कसं केलं, दुसऱ्या वेळी विचारतात किती दिवस टिकेल. तुम्ही स्वतःला पण तेच विचारता. पहिल्यांदा जोश होता, कपडे सैल झाल्याचा आनंद होता, या वेळी ते सगळं एकदा बघून झालेलं. माझ्याकडे उत्साह म्हणून फक्त एक गोष्ट उरली होती, सकाळचा आकडा. म्हणून काटा घेतला.

पहिले चार महिने मी या काट्यावर खूश होतो. भाऊबंदांत दोघांना घ्यायला पण लावला. रोज सकाळी तोंड धुवून उभं राहायचं, ॲपमध्ये रेष खाली येताना दिसायची, 96.8 वरून डिसेंबरात 91.4. हळू होतं, पहिल्या वेळेसारखं भरभर नाही, पण खाली येत होतं. आई म्हणायची "कसाले रोज रोज त्याच्यावर उभा राह्यतो रे", तिला मी रेष दाखवायचो.

मग 91.4 ला अडकलं. दुसऱ्या दिवशी 91.4. तिसऱ्या दिवशी 91.4. सलग नऊ दिवस तोच आकडा, एक पॉइंट इकडे नाही की तिकडे नाही. या नऊ दिवसांत मी काहीच सोडलं नव्हतं, पहाटे साडेपाचला थंडीत फैजपूर रोडने जाऊन येत होतो, रात्री एक दादरची (म्हणजे आमच्याकडची ज्वारी) भाकरी आणि भाजी. दहाव्या दिवशी मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, भरपूर तेल, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, आणि मनात एकच, की खाल्लं काय नि नाही खाल्लं काय, आकडा तोच आहे ना. सात पुऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी वरण-बट्टी होती, तिथे पण हात आखडला नाही, तुपाची वाटी दोनदा घेतली. तिसऱ्या दिवशी उभा राहिलो तर 93.2. खरं सांगतो, मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत दहा मिनिटं उभा होतो. वाटलं झालं, परत तेच, आता 98 ला जाऊनच थांबणार.

त्या 93.2 चं नंतर मुलीने समजावलं, ती फिजिओथेरपीला आहे. दोन दिवसांत 1.8 किलो चरबी वाढायची तर रोजच्या जेवणाच्या वर जवळजवळ 14 हजार कॅलरी खायला लागतील, तेवढं कोणी खात नाही. पिठाचं खाल्लं की शरीर त्याची साखर साठवून ठेवतं आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वर मिठाचं पाणी वेगळं. पाच दिवसांत मी परत 91 च्या आसपास आलो तेव्हा पटलं. पहिल्या वेळी मला हे माहीत असतं तर दिवाळीनंतरच्या दोन किलोला घाबरून मी काट्यावर चढायचंच बंद केलं नसतं, माझी खरी घसरण तिथूनच झाली होती.

पण नऊ दिवसांचं 91.4 डोक्यातून जात नव्हतं. मी केळीच्या व्यापाऱ्याकडे काट्यावर असतो, 17 वर्षं झाली. दर वर्षी वैधमापनवाले, म्हणजे सरकारी वजनमापं तपासणारे, येऊन आमचा काटा तपासून शिक्का मारून जातात, कापणीच्या दिवसांत शेतकरी शेजारी उभा असतो आणि त्याची नजर आकड्यावरून हलत नाही. मागच्या मालाचा आकडा मी पुढच्या मालाला लावला तर तो तिथेच मला जाब विचारेल आणि त्याचं बरोबरच असेल. तर जानेवारीत एक दिवस घाईत खिशात मोबाईल आणि चाव्यांचा जुडगा घेऊनच उभा राहिलो, लक्षात आलं, उतरलो, सगळं बाजूला ठेवून परत चढलो. आकडा तोच. मोबाईल आणि चाव्या मिळून पाव किलोच्या वर आहेत, ते गेले कुठे?

रविवारी शेठना विचारून कामावरची शिक्क्याची 20 किलोची तीन वजनं घरी आणली. हळूच ठेवली, काच आहे. 20 ला 20.0 दाखवलं, 40 ला 40.0, 60 ला 60.0. म्हणजे काटा चांगला आहे हो! चारी पायांतले लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारे भाग, नीट आहेत, कोपऱ्यावर सरकवून बघितलं तरी फरक नाही. मी त्याच्यावर तोपर्यंत जो राग धरला होता तो अर्धा तिथेच गेला. मग 60 वर 100 ग्रॅमचं वजन ठेवून परत पहिल्यापासून मोजलं, म्हणजे सगळं उतरवून, आकडा विझू देऊन, पुन्हा ठेवून. 60.0. 200 ग्रॅम वाढवून, 60.0. 300, परत 60.0. आणि 400 ठेवल्यावर एकदम 60.4. हे सगळं मी दोनदा केलं, मिसेस वहीत लिहीत होती.

म्हणजे काट्याला कळत असतं, पण तो सांगत नाही. मागचं वजन लक्षात ठेवतो, आणि नवीन वजन त्याच्या जवळपास असलं की खरं मोजलेलं न दाखवता मागचंच दाखवतो. असं का करतात? लोक दोन मिनिटांत तीनदा चढतात, तीन वेळा 100-100 ग्रॅम इकडेतिकडे आलं की काटा खराब आहे म्हणून परत पाठवतात, म्हणून प्रत्येक वेळी तोच आकडा दाखवला की गिऱ्हाईक म्हणतं वा, किती अचूक. हा माझा अंदाज, पण 17 वर्षं काट्यावर बसलेल्याचा अंदाज आहे.

आता याच्यात माझं नुकसान काय ते बघा. 50 वयाला, दुसऱ्यांदा, आठवड्याला 300-400 ग्रॅम उतरतात, तेही चांगल्या आठवड्यात. म्हणजे माझी सगळी मेहनत नेमकी त्या पट्ट्यात बसते जो हा काटा गिळून टाकतो. त्या नऊ दिवसांत मी बहुतेक पाव किलो तरी उतरलो होतो आणि मला ते दिसलं नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला पहिल्या महिन्यात चार किलो जातात, त्याला हे कळणारच नाही.

आणि आम्हा परत वाढलेल्यांना आधीच शरीर साथ देत नाही. मुलीने एक अभ्यास वाचून दाखवला, ऑस्ट्रेलियातला, 2011 साली छापलेला, 50 जणांना दहा आठवडे फार कमी खायला देऊन वजन उतरवलं आणि एका वर्षानंतर बघितलं तर भूक वाढवणारी-कमी करणारी हार्मोन्स तोपर्यंत पहिल्या जागी आलेली नव्हती, भूक पण जास्तच होती. हे ऐकून मला खूप हलकं वाटलं. तीन वर्षं मी समजत होतो की मी जिभेचा कच्चा आहे. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही ठेवलीय, किमान 13-14 किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची, त्यातले साधारण 75 टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. म्हणजे काट्यावर उभं राहणं हा काही वेडेपणा नाही, पण काटा खरं बोलणारा पाहिजे.

उपाय सापडला, सगळ्यांनी लिहून ठेवा. आधी हातात काहीतरी जड घेऊन उभं राहायचं, मी 5 किलो दादर कापडी पिशवीत बांधून ठेवलीय, कामावर मोजून. आकडा आला की उतरायचं, पिशवी खाली ठेवायची आणि मग नुसतं चढायचं. मधे 5 किलोचा फरक पडल्यामुळे तो मागचं विसरतो आणि खरं दाखवतो. वर एक फायदा, दोन आकड्यांत बरोब्बर 5.0 चा फरक आला पाहिजे, नाही आला तर काटा सरकलाय नाहीतर सेल उतरलाय. सतरंजीवर ठेवू नका, सपाट फरशीवर ठेवा.

चरबीच्या टक्क्यांबद्दल माझं मत बदललं. आधी मी ते टक्के लोकांना दाखवायचो. पण करंट पाण्यातून सहज जातो, चरबीतून जात नाही, आणि काटा त्या अडथळ्यावरून हिशोब लावतो, म्हणजे अंगात पाणी कमी असलं की चरबी जास्त दाखवतो. संध्याकाळी घाम गाळून आल्यावर आणि सकाळी, एकाच दिवशी, माझ्यात 2 टक्क्यांचा फरक आला. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा तर काय दाखवेल देव जाणे. ॲपमध्ये तो भाग बंद केलाय. त्यापेक्षा शिंप्याची 20 रुपयांची टेप घ्या, जुलैत कंबर 108 सेंटीमीटर होती, आता 98, पुरुषांसाठी 90 च्या आत पाहिजे. पेसमेकर बसवलेल्यांनी हा करंटवाला काटा वापरूच नका.

सर्व्हिसचं थोडक्यात. पहिल्या फोनला म्हणाले सेल बदला. बदलले. दुसऱ्याला म्हणाले पाठवून द्या, पार्सलचा खर्च तुमचा. 1,299 च्या वस्तूला जाऊन-येऊन 300 रुपये आणि तीन आठवडे काट्याशिवाय, ते मी करणार नव्हतो. मी त्यांना शिक्क्याच्या वजनांचे फोटो पाठवले, वहीचं पान पाठवलं, एवढंच मागितलं की हे मेमरीचं बंद करायचं बटण ॲपमध्ये द्या नाहीतर निदान खोक्यावर तरी लिहा. त्यावर काल ते फीचरवालं उत्तर. माझ्यासारखा कोणीतरी या महिन्यात कुठेतरी एकाच आकड्यावर नऊ दिवस उभा असेल आणि त्याच्या घरी शिक्क्याची वजनं नसतील, मला त्याचा जास्त त्रास होतो.

घ्यायचा का? मोजतो बरोबर, आठ महिन्यांत एकदाच सेल बदलले, म्हणून पाचपैकी तीन. पिशवी वापरणार असाल तरच घ्या, नाहीतर ॲपशिवाय, मेमरीशिवाय साधा मिळाला तर तो बघा, दुकानातच खिशात मोबाईल ठेवून आणि काढून दोनदा उभे राहा. मी आता रोजचा आकडा कॅलेंडरवर पेनाने लिहितो आणि रविवारी सात दिवसांची सरासरी काढतो, तीच बघतो. गेल्या पाच रविवारांत चारदा खाली आली, एकदा लग्नामुळे वर.

आज सकाळी पिशवीसकट 91.2, पिशवी ठेवून 86.2. दादरला पोरकिडे लागायच्या आत ती दळून आण म्हणून आई मागे लागलीय, तर उद्या तेवढीच दुसरी मोजून बांधून आणतो.