ताजमहाल मागितला, पदरात बीबी का मकबरा पडला

हिवाळ्यात गंगापूर रोडवर भरलेल्या हस्तकला प्रदर्शनातील एका दालनातून ताजमहालाची संगमरवरी प्रतिकृती आम्ही २,८०० रुपयांना घेतली. वीस सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौथरा, वर काचेची पेटी, तळाशी रंग बदलणारे दिवे आणि सोबत चार पानी माहितीपत्रक असा हा ऐवज आहे. दगड मकराण्याचा आहे, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. महिनाभर ती वस्तू घरात ठेवून, पट्टी घेऊन तिची मापे काढल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

मूळ इमारतीचा पांढरा दगड राजस्थानातील मकराण्याच्या खाणींतून आग्र्याला नेण्यात आला आणि विटांच्या बांधकामावर तो आवरणासारखा बसवण्यात आला. या दगडात प्रकाश किंचित मुरतो, म्हणूनच पहाटेचा ताज आणि भर दुपारचा ताज एकसारखा दिसत नाही. आमच्या प्रतिकृतीच्या चौथऱ्याखाली लिंबाचा थेंब टाकला तेव्हा बारीक बुडबुडे आले. संगमरवर चुनखडीच्या जातीचा असल्याने असे होते, त्यामुळे चौथरा खरा म्हणावा लागेल. मिनारांवर मात्र नखानेही ओरखडा उमटला. तो भाग मऊ दगडाचा आहे, यात मला शंका नाही. काळ्या पाषाणाची देवळे पाहत वाढलेल्या नाशिककराला पांढरा दगड म्हटला की तो संगमरवरच वाटतो, आणि विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असावे.

माझी खरी तक्रार प्रमाणांविषयी आहे. आग्र्यातील चौथरा सुमारे ९५ मीटर चौरस असून त्यावरील मुख्य इमारतीची रुंदी सुमारे ५७ मीटर आहे. कळसापर्यंतची उंची ७३ मीटरच्या आसपास, तर मिनार सुमारे ४३ मीटर उंच आहेत. हेच प्रमाण वीस सेंटिमीटरच्या चौथऱ्याला लावले, तर इमारत बारा सेंटिमीटर रुंद, कळस साधारण पंधरा सेंटिमीटरवर आणि मिनार नऊ सेंटिमीटरचे हवेत. आमच्याकडे कळस बरोबर पंधरावर आहे, पण मिनार तब्बल तेरा सेंटिमीटरचे असून ते चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर नव्हे, तर इमारतीच्या अंगाला खेटून उभे आहेत. परिणामी मधला घुमट चार पहारेकऱ्यांनी घेरलेल्या माणसासारखा अवघडून गेला आहे. मूळ इमारतीचे चारही कोपरे छाटलेले असल्यामुळे ती कोणत्याही बाजूने पाहिली तरी एक भिंत हलकेच दुसरीकडे वळते. कारागिराने हे छाटणे टाळले आणि सरळ चौकोनी ठोकळा ठेवला.

हे रूप कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते, आणि मग लक्षात आले की ते आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिच्या बीबी का मकबऱ्यातही मिनार इमारतीच्या मानाने उंच आणि जवळ भासतात. तेथील प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला या वास्तुकाराचे नाव आहे. ताजचा प्रमुख वास्तुकार मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी याचाच हा मुलगा. मकबऱ्यात संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला वापरला असून मधला भाग काळ्या दगडावर गिलावा देऊन केलेला आहे. म्हणजे दगडाच्या भेसळीतसुद्धा आमची प्रतिकृती आग्र्यापेक्षा मराठवाड्यालाच अधिक जवळची! मकबऱ्याविषयी मला आकस नाही, उलट त्याच्या बागेत मी अनेकदा रमलो आहे. पण पेटीवर नाव ताजमहालाचे छापलेले आहे.

जडावकामाच्या नावाखाली रंगीत खड्यांचे तुकडे डिंकाने चिकटवले आहेत आणि वेली रंगवल्या आहेत. मूळ पच्चीकारीत संगमरवरात खाच कोरून, तिच्या आकाराचाच अकीक, यशब किंवा अफगाणिस्तानातून आणलेला लाजवर्द घासून बसवलेला आहे. तेथे बोट फिरवले तरी सांधा जाणवत नाही; येथे ओल्या फडक्याबरोबर दोन पाकळ्या निघून आल्या. कमानीवरील अक्षरे तर केवळ काळे फराटे आहेत. मूळची अक्षरे अमानत खान याने अशी आखली की वरच्या ओळी मोठ्या आहेत, आणि म्हणून खाली उभ्या असलेल्या माणसाला सगळ्या सारख्याच दिसतात.

माहितीपत्रकात बावीस वर्षे आणि वीस हजार मजूर हे आकडे ठळक अक्षरांत आहेत. ते फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याच्या प्रवासवर्णनातून आले, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. यमुनेपलीकडच्या काळ्या ताजची कथाही पत्रकात खरी म्हणून दिली आहे, जरी तेथील मेहताब बागेच्या उत्खननात काळ्या इमारतीचा पाया नव्हे, तर ताजचे प्रतिबिंब पडेल असा मोठा अष्टकोनी हौद सापडला. बुऱ्हाणपूरचा तर उल्लेखच नाही. जळगाव, भुसावळ ओलांडले की येणाऱ्या याच शहरात १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताजचा मृत्यू झाला, तापीकाठच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्याकडे निघाला. नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी पत्रक छापताना आपल्या वाटेवरचे हे गाव गाळणे मला फार खटकले.

दिव्यांविषयी एवढेच की हिरवा ताज कोणालाही पाहावा लागू नये. आम्ही बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत. काचेची पेटी मात्र उत्तम आहे, धूळ अजिबात आत जात नाही.

वस्तू बदलून घ्यायला गेलो तोवर प्रदर्शन उठले होते. १,२०० रुपयांना मिळाली असती तर घुमटाच्या सुबक गोलाईकडे पाहून मी गप्प बसलो असतो. घेणाऱ्याने खिशात पट्टी ठेवावी आणि मिनार कळसाच्या साठ टक्क्यांहून उंच असल्यास पुढच्या दालनाकडे वळावे. आमचा एक मिनार आतल्या बाजूला कलला होता. आग्र्याचे मिनार मुद्दाम किंचित बाहेर झुकवलेले आहेत, आणि भूकंपात पडलेच तर मुख्य इमारतीवर कोसळू नयेत हे त्यामागचे कारण सांगतात. मी तो मिनार काढून, डिंक खरवडून, केसभर बाहेर झुकवून पुन्हा चिकटवला आहे. चौघांत सध्या तेवढाच एक बरोबर उभा आहे.