तुळशीबागेतले स्टीलचे डबे, सहा महिन्यांनी

प्लॅस्टिकच्या डब्याला हळदीचा डाग पडला, तो घासूनही जाईना. डबा हळद पितो, तर गरम वरणात काय सोडत असेल? बीपीए, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये वापरलं जाणारं एक रसायन, त्यापासून मुक्त असा शिक्का होता खरा, पण बीपीएच्या जागी बरेचदा त्याचाच भाऊ बीपीएस वापरतात.

तुळशीबागेतल्या एका बोळातल्या दुकानात गेले. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही असं ऐकून फ्रिजवरचा चुंबक सोबत नेला होता, शहाणपणा! काका हसले, "ताई, 202 नंबरच्या स्वस्त स्टीललाही हा चिकटत नाही. खालचा छाप बघा." 304 असा छाप म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल, चिंच-लोणच्याला हेच बरं. पाच डबे घेतले. भाव मात्र एक पैसा कमी केला नाही.

सहा महिने झाले, गंज नाही, वास नाही. लेकीची तक्रार एकच: आत काय आहे ते उघडल्याशिवाय दिसत नाही. एका डब्याचं झाकण सैल निघालं, आमटी दप्तरात सांडली. बदलून दिलं, पण बिल शोधायला लावलं. सासूबाईंनी जुने डबे टाकू दिले नाहीत. त्यांत आता कपडे वाळत घालायचे चिमटे आणि शिवणाच्या रिळी असतात.