पायातला रक्तप्रवाह: कलर डॉप्लर, पॉवर डॉप्लर की कॉन्ट्रास्ट?

पायाची डॉप्लर सोनोग्राफी चालू आहे आणि घोट्याजवळच्या धमनीत कलर, म्हणजे वाहतं रक्त दाखवणारा रंग, भरत नाही. ती खरंच बंद आहे, की रक्त इतकं हळू वाहतंय की मशीन ते पकडत नाही? यावर रुग्णाचं पुढचं सगळं ठरतं, म्हणून अशा वेळी घाई नको.

महागडा पर्याय शोधण्याआधी कलर डॉप्लरच (प्रवाहाची दिशा आणि वेग रंगात दाखवणारा मोड) नीट लावावा, असं माझं ठाम मत आहे. पायाच्या धमन्या त्वचेला जवळपास समांतर जातात. प्रोब (त्वचेवर टेकवायचं उपकरण) सरळ धरला की त्यातल्या ध्वनिलहरी त्यांच्यावर काटकोनात पडतात, आणि 90 अंशांना डॉप्लर सिग्नल जवळजवळ शून्य होतो. वाहती धमनीही रिकामी दिसते! कलर बॉक्स (पडद्यावरची रंग दाखवणारी चौकट) तिरका करा, प्रोबचं एक टोक किंचित दाबा. वेग मोजताना लहरी आणि प्रवाह यांच्यातला कोन 60 अंश किंवा त्याहून कमी हवा. 60 अंशांपाशी कोन लावताना 5 अंश इकडेतिकडे झाले तरी वेग 13 ते 18 टक्क्यांनी चुकतो. मांडीसाठी ठेवलेलं स्केल (मशीन दाखवू शकेल ती वेगाची मर्यादा) पोटरीखाली तसंच राहिलं तर मंद प्रवाह गाळला जातो. तिथे स्केल आणि वॉल फिल्टर (मंद सिग्नल गाळणारी सेटिंग) खाली आणा, गेन (सिग्नल मोठा करण्याची सेटिंग) ठिपके उमटेपर्यंत वाढवून जरा मागे घ्या. मांडीच्या खालच्या भागात धमनी खोल जाते. तिथे लिनियर (सपाट तोंडाच्या) प्रोबचा हट्ट सोडून कर्व्हिलिनियर (वक्र तोंडाचा, खोलवर पाहणारा) घ्यावा.

शिवाय ब्लॉकेज किती, हे सांगायला आकडा लागतो. अरुंद जागेतला कमाल वेग आधीच्या भागातल्या वेगाच्या दुप्पट झाला, की साधारण 50 टक्के किंवा जास्त अडथळा धरतात. हा आकडा कलरसोबतच्या स्पेक्ट्रल डॉप्लरमधून (वेगाचा आलेख काढणारा मोड) मिळतो, पुढच्या दोन पर्यायांतून नाही.

पॉवर डॉप्लर फक्त सिग्नलची ताकद दाखवतो. कोनाची अडचण कमी, एलियासिंग (वेग मर्यादेबाहेर गेला की चुकीची दिशा दिसणं) नाही, बारीक धारही उठून दिसते. ‘प्रवाह आहे का?’ एवढंच विचारायचं असेल तर तो उत्तम. मात्र रुग्णाने बोटं हलवली की अख्खा बॉक्स केशरी होतो. साध्या पॉवर मोडमध्ये दिशा कळत नाही, त्यामुळे व्हेरिकोज व्हेन्समधला उलटा प्रवाह तपासायला तो चालत नाही.

कॉन्ट्रास्टमध्ये शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते रक्तवाहिनीतच राहतात, वायू श्वासावाटे निघून जातो आणि किडनीवर भार येत नाही. किडनी अशक्त असलेल्या मधुमेही रुग्णासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण बुडबुडे काही मिनिटंच टिकतात, दोन्ही पाय निवांत पाहून होत नाहीत. क्वचित ॲलर्जी होते. धमनीच्या भिंतीत साठलेल्या कॅल्शियमची सावली तर तशीच राहते. नेमक्या एका जागेबद्दल शंका उरली असेल तरच हा मार्ग धरावा.

नवं मशीन घेणार असाल तर डेमोत घोट्यामागची धमनी दाखवायला सांगा. मांडीची धमनी बहुतेक मशीनवर छानच दिसते.