मुरूम टाकला म्हणजे लेआउट पास झाला असं नाही

22 लाख 98 हजार 600 रुपये. प्लॉटचे 19,80,000, म्हणजे 1,200 फूट, दर 1,650. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी 1,38,600. आणि ‘रस्ता, गटार, लाइट’ म्हणून फुटाला दीडशेने रोख घेतलेले 1,80,000, ज्यांची पावती ‘पुढच्या आठवड्यात’ मिळणार होती. एवढं ओतून नाशिकजवळ, आडगावच्या पुढे माझ्या नावावर जी जमीन आहे, तिच्यावर बांधकाम परवानगी मिळत नाही.

2027 चा कुंभमेळा, रिंग रोड, भाव दुप्पट, हे सगळं तुम्हीही ऐकलं असेल. त्याला मी भुललो नाही. मला गंडवलं ते शिक्क्याने. नकाशावर गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं खरं होतं. फक्त लेआउटला, म्हणजे जमिनीचे प्लॉट आणि रस्ते पाडण्याच्या आराखड्याला, ती मंजुरी तात्पुरती होती, अंतिम नव्हे, आणि अटींचा खालचा पट्टा एजंटच्या झेरॉक्समध्ये आलाच नव्हता. वकिलाने तीस वर्षांचा सर्च घेतला, टायटल क्लिअर निघालं. पण वकील मालकी बघतो, लेआउट कुठपर्यंत आलाय ते बघत नाही. हे तुमच्या वकिलाला आधीच विचारा.

खटकायला हवं होतं ते साईटवरच. मेहुण्याने मुरमाचा रस्ता पावलांनी मोजला आणि म्हणाला, “दाजी, हा वीस फूटही नाही हो.” नकाशात 9 मीटर, म्हणजे जवळपास साडेएकोणतीस फूट. रस्त्याच्या कडेला शेजारच्या द्राक्षबागेचं तारेचं कुंपण, त्यावर वाळत घातलेली पोती. एजंट हसत म्हणाला, “बाकीचा रस्ता शेजारचे आप्पा सोडणार आहेत, बोलणं झालंय.” ते कुंपण, ती पोती आजही डोळ्यांसमोरून जात नाहीत. आप्पांनी काही लिहून दिलंय का, हे त्या क्षणी कोण विचारतं? तिथे बुकिंगला आणखी चार कुटुंबं उभी होती, त्यांत एक निवृत्त शिक्षक. सगळेच काय खुळे होते?

तलाठ्याकडे गेलो तर म्हणे, क.जा.प. (कमी-जास्त पत्रक, म्हणजे जमिनीचे तुकडे आणि क्षेत्र बदलल्याची नोंद) झालेलं नाही, स्वतंत्र सातबारा कसा देऊ? मंजुरी देणाऱ्या कार्यालयात गेलो, नाव घेत नाही, तर खिडकीवरचा माणूस मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “आम्हाला विचारून घेतला होता का प्लॉट?” माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला तेव्हा कुठे पूर्ण आदेश हातात आला. रस्ते, गटारं विकसकाने पूर्ण करायची, मोजणी करून घ्यायची, मगच अंतिम मंजुरी; आणि तोवर भूखंड विकायचे नाहीत. विकायचे नाहीत, हे यांनीच लिहिलंय! मग विकले जात असताना हे कुठे होते? साईटवर एक बोर्ड लावायला काय लागतं? अटी फाइलमध्ये घालायच्या, फाइल कपाटात घालायची आणि लुटला गेलेला माणूस खिडकीवर आला की त्यालाच झापायचं. पोलिसांत गेलो तर “दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” कोर्टात मी जाईन, साहेब, पण एकाच गटातले प्लॉट इतक्या जणांना विकून रोख गोळा करणं यात फौजदारी काहीच नाही?

दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने तपासलं, असं समजू नका. 500 चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नंबर मागा आणि स्वतः महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघा. आमच्या लेआउटला तो नव्हताच, मागितल्यावर “प्लॉटिंगला लागत नाही” असं ठोकून दिलं. रोख देऊ नका. 1,80,000 चा माझ्याकडे एक कागद नाही, तक्रारीत तो आकडा लिहिताना लिहून घेणाऱ्यानेच विचारलं, “याला पुरावा?”

महारेरात तक्रार टाकली आहे. आणि हाच माणूस आता दिंडोरी रोडला नवं प्लॉटिंग विकतोय. मुरूम पडलाय, चुन्याच्या रेघा मारल्यात, रविवारी मिसळ ठेवतो. जात असाल तर मिसळ खा, पण नकाशाची खालच्या पट्ट्यासकट प्रत मागा आणि सोबत टेप न्या.