छापाचे पैसे, चांदीचे पैसे: स्मारक नाणी घ्यावीत की नुसती चांदी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाचीने मोबाइल पुढे केला. "मामा, हे घेऊ का?" पडद्यावर नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं होतं. अंबडच्या कंपनीत लागून तिला वर्ष झालं, पहिला बोनस हातात आलाय आणि त्यातले पंधरा हजार तिला नाण्यांत घालायचे आहेत. छंदही होईल आणि गुंतवणूकही, असा तिचा विचार. मी म्हटलं, आधी दोन्हींचा हिशेब वेगळा मांडू, मग तू ठरव. त्या रात्री आम्ही जे बोललो ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात.

आमचं घर नाशिकरोडचं, वडील प्रेसमध्ये. दिवसभर नोटांच्या कारखान्यात राबलेला हा माणूस घरी आला की नाण्यांचा डबा उघडून बसायचा. नोटा नाशिकरोडला छापल्या जातात, पण नाणी इथे पडत नाहीत. ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींत पडतात. वडिलांमुळे हा नाद मला लागला, त्याला आता तीस वर्षं होतील.

तुमच्यापुढे खरं तर तीन वाटा आहेत. टांकसाळ थेट विकते ते चांदीचं स्मारक नाणं (एखाद्या प्रसंगाच्या वा व्यक्तीच्या स्मरणार्थ काढलेलं), चलनात येणारी साधी स्मारक नाणी, आणि सराफाकडची शुद्ध चांदी. तिन्हींना लोक 'नाणी घेतली' असंच म्हणतात. सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

पहिल्या वाटेपासून सुरुवात करू, कारण पैसे तिथेच जास्त जातात. संसद भवनाचं ते नाणं ३५ ग्रॅमचं, ४४ मिलिमीटर व्यासाचं. हातात घेतलं की तळवा भरतो. पण त्यात चांदी निम्मीच आहे. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. गेल्या काही दशकांतली बरीच मोठी स्मारक नाणी याच मिश्रणाची आहेत. हे मिश्रण नवं नाही. १९४० पासून इंग्रजांनी रुपयातली चांदी कमी केली तेव्हा हेच प्रमाण ठरवलं होतं. म्हणजे ३५ ग्रॅमच्या नाण्यात चांदी साडेसतरा ग्रॅम. सोयीसाठी चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरा, आतली चांदी झाली १,७५० रुपयांची. नाणं ४,००० ला पडलं असेल तर उरलेले २,२५० तुम्ही छापाला दिले. प्रत्यक्षात त्या दिवशीचा भाव आणि किंमत घालून हे गणित करा. चांदीचे पैसे किती आणि छापाचे किती, हे कळल्याशिवाय एकही नाणं घेऊ नका.

सगळी नाणी निम्म्या चांदीची नसतात, हेही सांगायला हवं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून निघालेलं १,००० रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं आहे. रिझर्व्ह बँकेला नव्वद वर्षं झाली तेव्हा २०२४ मध्ये ९० रुपयांचं नाणं निघालं, ते शुद्ध चांदीचं आणि ४० ग्रॅमचं. त्यामुळे नाण्यावरचा आकडा बघून चांदीचा अंदाज बांधू नका. तो आकडा बहुधा प्रसंगाचा असतो, आत धातू कोणता आणि किती हे त्या नाण्याच्या सरकारी अधिसूचनेत दिलेलं असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात.

छापाचे पैसे वाया जातात असं मात्र मी म्हणणार नाही. प्रूफ नाणं एकदा उजेडात तिरकं धरून बघा. सपाट भाग आरशासारखा काळाभोर दिसतो आणि त्यावर उठाव दुधाळ पांढरा. चकाकवलेल्या साच्यांनी, एकाहून जास्त वेळा दाबून ते पाडलेलं असतं. हे काम सराफाच्या नाण्यात मिळणार नाही. ज्याला हे बघून आनंद होतो त्याने जरूर घ्यावं, फक्त ते २,२५० रुपये आनंदाच्या खात्यात लिहावेत.

गुंतवणुकीच्या बाजूने एक अडचण आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. लोक म्हणतात, काही नाही तर आतल्या चांदीचे पैसे तरी येतील. पण २०११ च्या नाणे कायद्याने नाणी वितळवायला मनाई आहे, आणि त्या कायद्यातल्या नाण्याच्या व्याख्येत स्मारक नाणंही येतं. म्हणजे ते मोडीत घालायचा मार्ग बंद. सराफ बाजारात नेलंत तर दुकानदार आधी टंच, म्हणजे शुद्धता, विचारतो, निम्मी चांदी म्हटल्यावर त्याचा चेहराच सांगतो. ते नाणं विकायचं तर गिऱ्हाईक दुसरा संग्राहकच हवा, आणि तो लागेल तेव्हा भेटेलच असं नाही. नवं नाणं निघालं की पहिल्या काही महिन्यांत भाव तापतो, मग निवतो. माझ्याकडची काही नाणी दहा वर्षांनंतरही जवळजवळ घेतलेल्या किमतीलाच आहेत. चांदी मात्र तेवढ्यात कुठल्या कुठे गेली.

म्हणून पैसा वाढावा एवढाच हेतू असेल तर सराफाकडची शुद्ध चांदी सरस. हॉलमार्क बघून घ्या, पावती जपा. घेताना ३ टक्के जीएसटी जातो, तो विकताना परत येत नाही. लहान नाण्यांवर मजुरी जास्त बसते, त्यामुळे १० ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा १०० ग्रॅमची एक लगड बरी. दोन वर्षांनंतर विकली तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. घरात ठेवायची नसेल तर २०२२ पासून चांदीचे ईटीएफही आहेत, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे चांदीचे फंड. या वाटेबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. लगडीकडे बघत कुणी रात्र जागवत नाही.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त, आणि नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, नेहरूंचं. त्यानंतर दर काही वर्षांनी चलनातच अशी नाणी येत राहिली. मराठी माणसाला तर इथे मेजवानी आहे. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचं छत्रपती शिवाजी महाराजांचं अकरा कोनी दोन रुपयांचं नाणं, लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं, २०१५ चं आंबेडकरांचं दहाचं. एवढी पाच जमवली तरी मुलाला दाखवायला अख्खा इतिहास हातात येतो. भाजीवाल्याकडच्या सुट्ट्यांत, देवळाच्या दानपेटीतली चिल्लर बदलून घेताना, आजीच्या पानाच्या डब्यात ती अजून सापडतात.

खरी गोडी टांकसाळीच्या खुणेत आहे. सालाच्या खाली बारीक खूण असते. पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या अलीकडच्या प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी इंग्रजी एम दिसतो. एकच नाणं दोन-तीन टांकसाळींत पडतं, पण सारख्या संख्येने पडत नाही. म्हणून एका खुणेचं नाणं ढिगाने मिळतं आणि दुसऱ्या खुणेच्या नाण्यासाठी वर्षानुवर्षं डोळे लावून बसावं लागतं. दहा रुपयांच्या भिंगावर हा सगळा शोध चालतो. भाव वाढण्याची शक्यताही मला इथेच जास्त वाटते, कारण मुद्दल जवळजवळ दर्शनी किमतीचं असतं आणि बुडण्यासारखं काही नसतं.

पण जुनं म्हणजे दुर्मीळ, हा गैरसमज काढून टाका. नेहरूंचा १९६४ चा रुपया साठ वर्षांचा झाला तरी किरकोळ भावात मिळतो, कारण तो भरमसाट पडला होता. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असले निरोप फोनवर फिरतात, त्यांच्या नादी लागून आधी 'नोंदणी शुल्क' भरणारे लोक आपल्याच आसपास आहेत. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपलं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क नि कमिशन उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा धंदा कुठेच नसतो.

फसण्याचा माझाही एक अनुभव आहे. एका विक्रेत्याने मला प्रूफ म्हणून नाणं दिलं. घरी आल्यावर भिंगाखाली धरलं तर साध्या नाण्याला कापडाने घासून चकाकी आणलेली, सगळीकडे गोल गोल ओरखडे. तेव्हापासून मूळ टांकसाळीच्या वेष्टनाशिवाय मी प्रूफ घेत नाही.

जपणुकीच्या बाबतीत तिन्ही वाटांत सगळ्यात हळवं नाणं चांदीच्या प्रूफचंच. बोटाचा एक ठसा पडला तर तो कायमचा. कडेला धरायचं, खाली मऊ कापड अंथरायचं. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटांनी काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, रबरबँडने चांदी काळी पडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आणि धुऊ नका. वडिलांकडे १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं होतं. १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. त्यावर जांभळट-करडी झाक चढली होती, कडेला निळसर. पूजेत ठेवायचं म्हणून आईने ते चिंच आणि राखेने लख्ख घासलं. तिचा हेतू निर्मळ होता. वडील काही बोलले नाहीत, नुसतं नाणं हातात फिरवत राहिले. चांदी बारा ग्रॅम होती ती बारा ग्रॅमच राहिली, पण संग्राहकाच्या लेखी ते नाणं संपलं. छापाचे पैसे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

छापाची किंमत नाशिककरांना तशी फार जुनी ओळखीची आहे. १९०६ साली जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. चांदी तीच, राज्य बदललं. पुढे मराठेशाहीत 'गुलशनाबाद' या नाशिकच्या जुन्या नावाने इथे रुपये पडले, चांदवडलाही टांकसाळ होती. या जुन्या नाण्यांचा मोह पडेल, पण पहिल्या बोनसमध्ये त्या वाटेला जाऊ नका. नकली माल खूप आहे, आणि शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तू कायद्यात येतात, परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत. नजर तयार करायची तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभी केलेली. तिथलं संग्रहालय एकदा निवांत बघा.

भाचीला मी शेवटी असं सांगितलं. पंधरातले दहा हजार शुद्ध चांदीत घाल आणि विसरून जा. चार हजारांत एकच प्रूफ घे, पण ज्या विषयाशी तुझं मन जुळतं त्याचं. उरलेल्या हजारात भिंग, पुठ्ठ्याचे होल्डर आणि शिवरायांचं दोनचं नाणं. संसद भवनाचं तिने घेतलं नाही, अजून प्रूफ ठरत नाहीये.

परवा रात्री तिचा फोटो आला. रिक्षावाल्याने दिलेला ज्ञानेश्वरांचा रुपया, नखाएवढा भाग मोठा करून. खाली लिहिलं होतं, "मामा, सालाखाली काहीच नाही. कोलकाता ना?"