बॉनेट गरम असेल तर गाडी बघूच नका

मागच्या डिसेंबरात मी इंदूरमध्ये एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि पुरता फसलो. गाडी दोन लाख पासष्ट हजारांची, आणि पाच महिन्यांत दुरुस्तीत गेले आणखी एक लाख चार हजार. सुदामा नगरातली आपली दोन-तीन घरं सध्या अशाच गाड्या बघताहेत असं कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आईचे गुडघे दुखतात. तिला महिन्यातून एकदा ओंकारेश्वरला नेता यावं म्हणून गाडी हवी होती. दलाल ओळखीतून आला होता. "भिया, डॉक्टर साब की गाड़ी है, सिंगल ओनर, अड़सठ हज़ार चली है." २०१३ चं मॉडेल, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. मी पोचलो तेव्हा गाडी धुऊनपुसून उभी होती. बॉनेटवर हात ठेवला तर चांगलंच गरम. "अभी डीज़ल डलवा के लाया," तो म्हणाला. मला ते पटलं, आणि तिथेच घात झाला.

थकलेलं डिझेल इंजिन आपलं दुखणं सकाळी, थंड असतानाच दाखवतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरलेलं असो, थंड इंजिनाला सुरुवातीची ऊब देणारे ग्लो प्लग जळालेले असोत की डिझेल फवारणारे इंजेक्टर गळत असोत, रात्रभर उभी राहिलेली गाडी लवकर चालू होत नाही, पांढरा धूर सोडते, खडखडते. टायमिंग चेन ढिली असेल तर पहिले काही सेकंद साखळी ओढल्यासारखा आवाज येतो. एकदा तापली की यातलं बरंच दबतं. गिऱ्हाईक यायच्या आधी वीस मिनिटं फिरवून आणली की दलालाचं काम झालं.

माझ्या दारात पहिल्याच सकाळी चार वेळा सेल्फ मारावा लागला. धूर इतका, की समोरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. दलाल फोनवर म्हणाला, "ठंड है भिया."

जानेवारीत आईला आणि मावशीला घेऊन ओंकारेश्वरला गेलो. जाताना भेरूघाट उतरायचा असतो, त्यामुळे काही कळलं नाही. परतताना चढावर गाडीचा दम गेला, तापमानाचा काटा लाल रेषेवर, बॉनेटमधून वाफ. पुढे-मागे ट्रकांची रांग, आणि दोन म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेल्या. तो दीड तास मी विसरू शकत नाही.

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. आतून भकाभका धूर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला वायू खाली उतरतो आणि असा वर येतो. ऑइल मधासारखं घट्ट, म्हणजे आवाज आणि धूर दाबायला त्यात काहीतरी ओतलेलं. रेडिएटरमध्ये कूलंट नव्हताच, गंजकं पाणी होतं. इंजिनचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला, म्हणजे शहरात फिरवताना काटा वर चढायचाच नाही. इंजिनच्या वरच्या भागाचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, उडालेलं.

मग त्याने विचारलं, चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? मी कधी बघितलंच नव्हतं. चावी 'ऑन' केली की तो दिवा लागायलाच हवा आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. माझा लागतच नव्हता. मीटर उघडला तर दिव्यावर वाटाण्याएवढा काळ्या टेपचा तुकडा, नीट कापून चिकटवलेला. कुणीतरी शांतपणे बसून केलेलं काम होतं ते.

आरसी माझ्या नावावर झाल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढली. गाडी दिल्लीची, २०२१ मध्येच एक लाख त्रेसष्ट हजार किलोमीटर. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्ली परिसरात हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तिथल्या गाड्या एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घेऊन बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. सगळ्याच वाईट नसतात. पण ही नोंद पैसे देण्याआधी, मालकाकडूनच मागून घ्यायला हवी होती. नवं स्टिअरिंग कव्हर आणि पेडलची कोरी रबरं बघूनही मला शंका आली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

दलाल आता फोन उचलत नाही. पावतीवर "जैसी है वैसी" लिहिलेलं आहे, तरी मीटर मागे फिरवणं ही फसवणूकच. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. टेपचा तुकडा आणि सर्व्हिसची नोंद दोन्ही जपून ठेवलंय.

फेब्रुवारीत मेहुण्यासाठी गाडी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याला आदल्या रात्री सांगून ठेवलं, आम्ही येईपर्यंत चावी लावायची नाही. एकाने नकार दिला, त्याच्याकडे गेलोच नाही. दुसऱ्याकडे सकाळी साडेसहाला बॉनेट गारठलेलं होतं, गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली, ऑइलचं झाकण उघडलं तर धूर नाही. ती घेतली. तुमच्यापैकी कुणाला गाडी बघायची असेल तर मला कळवा, मी सोबत येईन. फक्त वेळ पहाटेची ठेवा.